शिंग, तुंबा आणि मेसमधला कप

मागच्या महिन्यात पलटणीची कमांड सोडली. सध्या लखनौच्या एका कचेरीत फायलींच्या मोर्च्यावर आहे, त्यामुळे ब्लॉगला पुन्हा वेळ मिळेल. फौजेत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो, कमांड देणं म्हणजे नुसतं हस्तांदोलन नसतं. हत्यारं, गाड्या, दारूगोळा, तंबू, सगळं मोजून द्यायचं आणि सही घ्यायची. या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ खातं ते मेसचं सिल्व्हर. मेस हवालदार रजिस्टर घेऊन उभा राहतो आणि एकेक वस्तू वाचत जातो. एका ओळीपाशी माझ्या जागी आलेल्या नव्या सीओ साहेबांनी पेन थांबवलं. ‘कप, चांदीचा, दोन कानांचा, नग १, शत्रूकडून, १९७१.’

त्यांनी विचारलं, ‘सर, हा वापरात आहे की नुसता ठेवलेला?’

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला आधी कॅमेरूनला जावं लागेल. तुम्हीही चला.

जुन्या वाचकांना माझी कांगोमधली पोस्टिंग आठवत असेल. २०१५ साली मी गोमाला संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत स्टाफ ऑफिसर होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर कॅमेरूनचे एक पोलीस अधिकारी बसायचे. ते फुम्बान गावचे. सुट्टी लागून आली तेव्हा म्हणाले, ‘मसाई मारा सगळेच बघतात, तू माझ्या राजाचा वाडा बघ.’ म्हणून डुआलाला उतरलो आणि तिथून रस्त्याने बाफूसामवरून फुम्बानला पोचलो. लाल माती, थंड हवा, डोंगराळ गवताळ मुलूख. या पश्चिम कॅमेरूनच्या पठाराला ग्रासफील्ड्स म्हणतात. तिथे पूर्वी डझनावारी राज्यं होती. त्यातलं सर्वांत मोठ्यांपैकी एक म्हणजे बामुम.

परंपरा सांगते की न्चारे येन नावाच्या टिकार राजपुत्राने १३९४ साली हे राज्य स्थापन केलं. राजवंश आजही चालू आहे. सध्याचे विसावे राजे २०२१ साली गादीवर आले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अकरावा राजा म्बुएम्बुए याने लढाया मारून राज्य कित्येक पटींनी वाढवलं आणि राजधानीभोवती खंदक व तट उभे केले. त्याचं चिन्ह दोन तोंडांचा साप. एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढून जिंकलो, असा त्याचा अर्थ. आमच्या स्टाफ कॉलेजात दोन आघाड्यांच्या लढाईवर तासन्‌तास चर्चा होते. या माणसाने तो विषय एका सापात संपवला.

आताचा वाडा सतरावा राजा न्जोया याने १९१७ साली बांधून पुरा केला. बुएआला जर्मन गव्हर्नरचं घर पाहून आल्यावर त्याने हा विटांचा वाडा उभारला. मी गेलो तेव्हा संग्रहालय वाड्यातच होतं. मी तलवारी, भाले, ढाली बघायला गेलो होतो. त्या होत्याच. पण माझ्या सोबत्याने मला दुसऱ्याच कपाटापुढे उभं केलं. तिथे भांडी होती.

भांडी म्हणजे काय काय? रानरेड्याचं शिंग पोखरून केलेले पिण्याचे पेले. वाळक्या भोपळ्याचे लांब मानेचे तुंबे, अंगभर काचेच्या मण्यांनी मढवलेले, बुचावर एखादा प्राणी. एकाच लाकडातून कोरलेली वाडगी, काहींना बिबट्याचे पाय, काही माणसाच्या आकृतींनी डोक्यावर किंवा हातांवर तोललेली. त्यांतून राफिया ताडाची ताडी प्यायची, जेवण वाढायचं, पाहुण्याला कोला बी द्यायची. कोला बी म्हणजे तिथलं पानसुपारीचं तबकच समजा. ती पुढे केली की पाहुणा आपला झाला.

मी म्हटलं, ‘कोरीव काम सुंदर आहे.’ सोबती म्हणाला, ‘सुंदर नंतर. आधी वाच.’

मग तो एकेक चिन्ह वाचायला लागला. कोळी दिसतो आहे? जमिनीत बिळात राहणारा हा मोठा कोळी कौल देतो. त्याच्या बिळाच्या तोंडाशी खुणा केलेली पानं मांडून ठेवायची, तो बाहेर येऊन ती विस्कटतो आणि त्या मांडणीवरून जाणकार उत्तर सांगतात. म्हणून कोळी म्हणजे शहाणपण. बेडूक म्हणजे भरभराट, पोराबाळांनी भरलेलं घर. दोन तोंडांचा साप म्हणजे लढाई. बिबट्या म्हणजे खुद्द राजा. रानात कोणीही बिबट्या मारला तरी तो राजाच्या वाड्यात पोचवायचा, असा ग्रासफील्ड्सचा रिवाज होता. मग ज्याच्या भांड्याला बिबट्याचे पाय, ते भांडं कोणाचं हे विचारायला नको.

तेव्हा लक्षात आलं की हे सगळं म्हणजे आमच्या खांद्यांवरचे स्टार आणि अशोकस्तंभ. साधा माणूस साध्या शिंगातून पितो. सरदाराच्या शिंगावर नक्षी चढते. कोणती चढायची ते त्याच्या हुद्द्यावर. मणी, कवड्या, हस्तिदंत, बिबट्याचं कातडं यांवर राजाचा ताबा. ते वापरायची परवानगी त्याच्याकडून मिळायची. चांगले कोरणारे, ओतारी आणि मणी ओवणारे वाड्यासाठी काम करायचे. हुद्द्याची खूण बनवणारे हात राजाच्या हाताखाली असले की हुद्देही त्याच्याच हाती राहतात.

पण खरी गंमत वापरात आहे. ग्रासफील्ड्सचा राजा चारचौघांत जेवत नाही. त्याचं खाणं-पिणं लोकांनी बघायचं नसतं. लोकांनी बघायचं ते त्याचं देणं. दरबारात एखाद्यावर मर्जी झाली की तो माणूस वाकून, दोन्ही हातांची ओंजळ करून राजापुढे येतो आणि राजा आपल्या शिंगातली ताडी त्याच्या ओंजळीत ओततो. पिणारा सगळ्यांदेखत पितो. झालं, तो बांधला गेला. कागद नाही, सही नाही, साक्षीदार मात्र अख्खा दरबार. घरचा कर्ता गेला की वारसाच्या हाती येणाऱ्या वस्तूंत त्याचं पिण्याचं शिंगही असायचं. माणूस बदलतो, शिंग तेच. त्या शिंगातून पूर्वजांच्या कवट्यांपुढे ताडी ओतायची. म्हणजे वर पूर्वज, खाली रयत आणि मधे भांडं धरणारा एक हात. बामुमची राजसत्ता मला समजली ती अशी. राजा भांड्याचा मालक नव्हता. पुढच्या हाती जाईपर्यंत ते भरलेलं ठेवण्याची ड्यूटी त्याची होती.

खडकवासल्याला एनडीएत दाखल झालो तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकलो ते रायफल नव्हे, टेबल. कोण आधी बसतो, कोण आधी उठतो, टोस्ट कधी, ग्लास कोणत्या हातात. सतरा वर्षांच्या पोराला ते सगळं नाटक वाटायचं. फुम्बानला त्या कपाटापुढे उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे नाटक नव्हे. एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी उद्या एकमेकांसाठी मरावं यासाठी केलेली ती तजवीज आहे.

आणि मग सोबत्याने शेवटचं भांडं दाखवलं.

तोही तुंबाच. मोठा, ताडीचा. पण त्याच्या भोवती मणी नव्हते. माणसांचे खालचे जबडे होते, एकाशेजारी एक, दातांसकट. लढाईत मारलेल्या शत्रूंचे. मी बराच वेळ काही बोललो नाही. सोबतीही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, ‘तुमच्या मेसमध्ये असं काही नाही?’

मी ‘नाही’ म्हणालो. आणि ते खोटं होतं, हे मला तिथेच कळलं.

आमच्या मेसमध्ये तो कप आहे. १९७१ च्या डिसेंबरात आमच्या पलटणीने शत्रूचं एक ठाणं घेतलं. त्यांच्या मेसच्या सामानात हा कप सापडला. त्यांच्या कुठल्याशा स्पर्धेचा. त्यावर त्यांच्या अफसरांची नावं कोरलेली आहेत. आमच्याकडे रिवाज पडला की नवा लेफ्टनंट पलटणीत आला की पहिल्या डाइनिंग-इनला या कपातून रम प्यायची. मीही प्यायलो. टाळ्या वाजल्या. नावं वाचायचं सुचलंही नाही. जबड्यांचा तुंबा बघितल्यावर मात्र ती नावं आठवायचा प्रयत्न केला आणि एकही आठवेना.

माझ्या मनातला हा गोंधळ सोबत्याने ओळखला असावा. चहा पिताना त्याने मला न्सांगू राजाची गोष्ट सांगितली.

न्सांगू हा न्जोयाचा बाप. १८८० च्या दशकात शेजारच्या न्सो राज्यावर चालून गेला आणि लढाईत मारला गेला. न्सो लोकांनी त्याचं डोकं ठेवून घेतलं. फुम्बानला न्जोया अजून पोर होता. आई न्जापदुन्केने राज्य सांभाळलं. पुढे न्जोया गादीवर आला, बंड झालं, फुलानी घोडेस्वारांच्या मदतीने ते मोडलं. पण एक खोट राहिलीच. नव्या राजाने ज्या कवट्यांपुढे ताडी ओतायची त्यात बापाची कवटी नव्हती. भांडं हातात होतं, पण ओतायचं कुठे? जबड्यांच्या तुंब्यातून पिणाऱ्या राज्याच्या राजाचं डोकं आता दुसऱ्याच्या ताब्यात होतं.

१९०२ साली जर्मन फुम्बानला आले. न्जोयाने त्यांच्याशी लढाई केली नाही. १९०६ साली जर्मनांनी न्सोवर मोहीम काढली तेव्हा बामुमचे लढवय्ये त्यांच्याबरोबर गेले, न्सो हरले आणि न्सांगूचं डोकं न्जोयाला परत मिळालं. आता त्याची गादी पूर्वजांच्या नजरेत पक्की झाली.

या उपकाराची परतफेड झाली, आणि ती मोठी महाग पडली. न्सांगूचं सिंहासन होतं, नाव मांडू येनू, म्हणजे मण्यांची समृद्धी. सुमारे पावणेदोन मीटर उंच, लाकडावर कापड आणि त्यावर मणी व कवड्या. बैठकीत दोन तोंडांचे साप गुंफलेले. पायथ्याशी बंदुका घेतलेले शिपाई. पाठीशी राजाचे दोन सेवक उभे, ते जुळे असावेत असं मानतात, कारण बामुममध्ये जुळी मुलं वाड्याची समजली जात. त्यांच्या हातांत काय आहे? तलवार नाही. एकाच्या हातात पिण्याचं शिंग, दुसरीच्या हातात वाडगं. म्हणजे राजा तिथे बसला की त्याच्या मागे कायम भरलेलं भांडं तयार. सत्तेचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. बंदूक पायाशी, भांडं खांद्याशी.

जर्मन संग्रहालयांना ते सिंहासन हवं होतं. न्जोया ते विकायला तयार नव्हता. शेवटी त्याची हुबेहूब नक्कल करून द्यायचं ठरलं. नक्कल वेळेत पुरी झाली नाही. १९०८ च्या जानेवारीत कैसरच्या वाढदिवसानिमित्त न्जोया बुएआला गेला आणि त्याने मूळ सिंहासनच भेट देऊन टाकलं. नंतर पुरी झालेली नक्कल त्याच्या स्वतःच्या वापरात राहिली. मूळ सिंहासन आजही बर्लिनमध्ये आहे.

ही भेट होती की खंडणी, यावर आज बर्लिन आणि फुम्बानमध्ये बोलणं चालू आहे. मला फौजी म्हणून एवढंच दिसतं की ज्याच्याकडे तोफखाना आहे त्याला दिलेली भेट पुरती मोकळ्या मनाची नसते. पण न्जोयाला नुसता दुबळा समजणंही चूक आहे. हा माणूस साधा नव्हता. १८९६ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी लिपी शोधायला घेतली. सुरुवातीला पाचशेच्या आसपास चिन्हं होती. ती घटवत घटवत १९१० पर्यंत ऐंशीवर आणली. त्या लिपीत त्याने राज्याचा इतिहास लिहवून घेतला, शाळा काढल्या. मला वाटतं, त्याने हिशेब केला होता. बनवणारे हात आपल्याकडे असतील तर सिंहासन पुन्हा घडवता येतं, बापाचं डोकं मात्र घडवता येत नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मन गेले, फ्रेंच आले. त्यांना असा राजा नको होता. त्यांनी त्याचे अधिकार काढत नेले आणि १९३१ साली त्याला याउंडेला हद्दपार केलं. १९३३ साली तो तिथेच वारला. लिपीच्या शाळाही गेल्या. पण भांडी राहिली. राजघराणं मुसलमान झालं, त्यामुळे ताडीच्या शिंगांचं पूर्वीचं काम उरलं नाही. तरीही कोणी ती फेकली नाहीत. वाड्यात जपून ठेवली. रिकामं शिंगही हुद्दा सांगतंच.

त्या मण्या-कवड्यांकडे बघताना मला आणखी एक गोष्ट लागली. काचेचे मणी युरोपातून यायचे. पण कवड्या? पश्चिम आफ्रिकेत शतकानुशतकं गेलेल्या कवड्यांचं मोठं उगमस्थान म्हणजे मालदीव. आपल्याच समुद्रातल्या. तिथून बंगाल आणि सिंहलच्या बंदरांतून युरोपी जहाजं त्या भरून न्यायची आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या मोजून माणसं विकत घ्यायची. आपल्याकडे एखादी गोष्ट क्षुल्लक ठरवायची तर कवडीमोल म्हणतात. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यात मात्र तीच कवडी देवीची होते. आजीच्या देव्हाऱ्यात अशी माळ होती, ती आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही. तीच कवडी एका किनाऱ्यावर माणसाची किंमत झाली आणि डोंगरावर राजाचं आसन. वस्तूला वजन येतं ते तिच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांमुळे.

बामुमची जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते ती राजाला मान देण्याची नाही, जाब विचारण्याची आहे. न्गुओन नावाचा त्यांचा सोहळा दर दोन वर्षांनी होतो. फ्रेंच काळात तो बंद पडला होता, नव्वदच्या दशकात पुन्हा सुरू झाला. २०२३ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या सोहळ्यात राजाला सर्वांसमक्ष गादीवरून उतरवतात. तो उभा राहतो आणि न्गुओनचे मानकरी त्याला लोकांच्या तक्रारी ऐकवतात. इथे चुकलास, तिथे दुर्लक्ष केलंस. राजा ऐकतो, उत्तर देतो, दंड भरतो, मगच त्याला पुन्हा गादीवर बसवतात. युनेस्कोच्या नोंदीत याला ‘राज्यकारभाराचे विधी’ म्हटलं आहे. बरोबरच आहे. भांडं तुझं नाही, याची दर दोन वर्षांनी करून दिलेली आठवण.

माझाही न्गुओन झाला.

कमांड हाती आल्यावर पहिल्या डाइनिंग-इनला मी रिवाज बदलला. कप टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा, पण त्यातून कोणी प्यायचं नाही. नव्या लेफ्टनंटने उभं राहून त्यावरची नावं मोठ्याने वाचायची आणि मग त्या लढाईत पडलेल्या आपल्या जवानांची नावं पाठ म्हणायची. न अडखळता. पोरांना हे रम पिण्यापेक्षा अवघड गेलं.

ही गोष्ट बाहेर पोचायला वेळ लागला नाही. पलटणीचे एक माजी अफसर, १९७१ ला त्या ठाण्यावर स्वतः गेलेले, पुनर्मीलनाला आले तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होते. भरल्या मेसमध्ये, सगळ्या तरुण अफसरांसमोर त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, ‘बेटा, हा कप तू जिंकलास का?’

‘नाही सर.’

‘मग त्याचा रिवाज बदलायचा अधिकार तुला कोणी दिला?’

उत्तर सोपं नव्हतं. सीओला अधिकार असतो, असं म्हणता आलं असतं, पण ते पोकळ वाटलं असतं. मी त्यांना फुम्बानचा तुंबा सांगितला. न्सांगूचं डोकं सांगितलं. म्हटलं, ‘सर, ज्यांच्या भांड्यातून आपण पितो त्यांची नावं आपल्याला ठाऊक असावीत, एवढंच वाटलं. चुकलं असेल तर दंड सांगा.’

साहेब बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मला पटलं नाही. आमचे अकरा जण गेले त्या ठाण्यावर. आम्ही त्या कपातून प्यायलो ते शत्रूच्या नावाने नाही, त्या अकरांच्या नावाने.’ थोडं थांबून पुढे म्हणाले, ‘पण पोरांना अकरा नावं पाठ आहेत, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. ते बंद करू नकोस. आणि दंड म्हणून सगळ्या मेसला चहा पाज. रम नको, डॉक्टरने मना केली आहे.’

चहा पाजला. पटलं नाही ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मलाही वाटत नाही. तुंब्याभोवती जबडे लावणाऱ्यांनाही आपले मेलेले भाऊ आठवत असतीलच.

२०२३ साली बामुमचे तरुण राजे बर्लिनला गेले, तेव्हा ते पणजोबांनी देऊन टाकलेल्या त्या सिंहासनावर बसले. संग्रहालयातल्या वस्तूला हात लावू नये हा नियम आहेच. पण ती वस्तू कोणाच्या संग्रहात आहे यापेक्षा ती कोणासाठी घडवली होती, हे त्या एका बसण्याने सगळ्यांना दिसलं. पुढच्या वर्षी फुम्बानला नवं संग्रहालय उघडलं. इमारतीचाच आकार दोन तोंडांचा साप आणि वर कोळी. माझ्या सोबत्याने फोटो पाठवले. मी विचारलं, ‘तो तुंबा?’ उत्तर आलं, ‘येऊन बघ.’

तर नव्या सीओ साहेबांचा प्रश्न, कप वापरात आहे की ठेवलेला? मी त्यांना हे सगळं सांगितलं, वीसेक मिनिटं लागली. मेस हवालदार रजिस्टर धरून उभाच होता. मी म्हटलं, ‘आता तुम्ही ठरवा. पुन्हा त्यातून प्यायचं ठरवलंत तरी माझी हरकत नाही. फक्त नावं वाचून घ्या.’

त्यांनी कप उचलला, दिव्याखाली धरला आणि एकेक नाव मनाशी वाचलं. मग सही केली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही. तोवर कप माझा राहिला नव्हता.